दिवसाला दहा शब्द

१

शनिवार, २१ जानेवारी १९७८. सकाळचे पावणेआठ. करडीच्या हायस्कुलात, शिक्षकांच्या खोलीत, खादीच्या कापडाची गाठ सुटली आणि आतून जी वही निघायला हवी होती ती निघाली नाही. निघाला १९६९ सालचा हिरव्या पुठ्ठ्याचा एक हजेरीपट.

खोलीत पाच माणसं होती. तुमसरहून पहिल्या एसटीने आलेला छापखान्याचा माणूस. शाळा समितीचे अध्यक्ष श्यामराव. इंग्रजीचे जागेश्वर गुरुजी. गणिताचे तरुण शिक्षक केवळराम. आणि कपाट उघडून ते गाठोडं टेबलावर आणून ठेवणाऱ्या शाळेच्या शिपाई शकुनबाई.

हरवलेली वही लाल पुठ्ठ्याची होती, तीनशे पानांची. गुरुजींनी एकोणीस वर्षं जमवलेले इंग्रजी शब्द तिच्यात होते. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ, आणि त्याच अर्थाचे आणखी तीन-चार इंग्रजी शब्द. अर्थ असे, की धानाच्या बांधीत वाढलेल्या पोराला एकदा ऐकले की पुरे. जुनी वही वाळवीने खाल्ली म्हणून दिवाळीनंतर शाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर जाळली होती. त्याआधी केवळरामांनी तिची स्वच्छ प्रत करून ठेवली होती. ही लाल वही म्हणजे तीच प्रत. तिसरी नव्हती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गुरुजी गावासमोर तिची प्रस्तावना वाचणार आणि मग वही छापायला जाणार, असं ठरलं होतं. छापखान्याचा माणूस आज नुसता पानांचा अंदाज घ्यायला आला होता.

कपाटाला एक कुलूप होतं, कुलपाला एक किल्ली, आणि ती किल्ली शकुनबाईंच्या पदराला बांधलेली असे.

"काल संध्याकाळी कपाटात तूच ठेवलं ना?" श्यामरावांनी विचारलं.

"हो जी."

"आन् आता तूच काढलं?"

"हो जी."

"मंग मधात कोण आलं गा, केवळराम? भूत?"

केवळराम बोलले नाहीत. गुरुजीही बोलले नाहीत. ते भिंतीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते.

श्यामराव उठले आणि व्हरांड्यात शकुनबाईंची पत्र्याची पेटी असे तिच्याकडे गेले. पेटीत एक लुगडं होतं, पानसुपारीची चंची होती, आणि तळाशी दोरीने शिवलेली एक वही. त्यांनी ती उघडली. पानामागून पान वेड्यावाकड्या अक्षरांत इंग्रजी शब्द, पुढे मराठी अर्थ. गुरुजींचेच शब्द, गुरुजींचेच अर्थ.

"घ्या," श्यामराव म्हणाले. "ही तर उतरवून शिकवणीवाल्याले विकून राहिली."

२

सोमवारी अकरा वाजता समितीची बैठक बसायची होती. तोवर वही मिळाली नाही तर शकुनबाईंना कामावरून काढायचं, असं श्यामरावांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. चौकशी मात्र त्यांनी गोदावरीबाईंच्या गळ्यात घातली. कन्याशाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि समितीतल्या एकट्या बाई. सही करायच्या आधी दोनदा वाचणाऱ्या म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि श्यामरावांना नेमका त्याचाच कंटाळा होता.

दुपारी बारा वाजता गोदावरीबाई शकुनबाईंच्या अंगणात खाटेवर टेकल्या. हातात ती दोरीने शिवलेली वही होती.

"शकुन, ही कधीपासून लिहितेस?"

"दोन वर्षं होतीन, बाई. मी चौथी शिकली. वर्गाच्या दाराशी घंटेजवळ बसते. गुरुजी रोज दहा शब्द देतेत. आगोदर स्वतः फळ्यावर लिहत. दिवाळीपासून पोरीले लिहाले लावतेत. मी पाहून उतरवते."

"कायले पण?"

शकुनबाई थोडं हसल्या. "तपासणीले साहेब येतेत, बाई. माह्यासमोर इंग्रजीत बोलतेत. मी कपबशा उचलत राहते. वाटे, काय बोलून राहिले थे तरी समजावं. एकडाव साहेब म्हणले, द टी इज टेरिबल. मले वाटलं नाव ठेवलं चहाले. वहीत पाह्यलं. खरंच नाव ठेवलं होतं."

गोदावरीबाईंनी पानं चाळली. रोजची तारीख न चुकता होती. सोळा जानेवारीच्या पानावर पहिला शब्द वीअरी. मग हार्वेस्ट. मग ब्रेव्ह, ऑनेस्ट, क्लाउड. पुढे आणखी पाच, आणि प्रत्येकापुढे त्याचे भाऊबंद.

"वीअरीच्या पुढे टायर्ड आहे आणि एक्झॉस्टेडही आहे. दोन्हींचा अर्थ थकलेला. मग दोन शब्द कशाला?"

"गुरुजीनं सांगतलं ना. टायर्ड म्हंजे रोवणी करून घरी आलं तसं. एक्झॉस्टेड म्हंजे रोवणी करून घरी आलं आन् गुंडात पाणी नसलं तसं."

असं उत्तर देणारी बाई शब्द विकायला उतरवत नव्हती, हे गोदावरीबाईंना तिथेच कळलं. पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे. शुक्रवारचं सगळं त्यांनी पहिल्यापासून विचारलं.

गुरुजींचा तास साडेचारला संपला. ते नेहमीप्रमाणे वही कापडात बांधून शिक्षकांच्या खोलीत आले. गाठोडं अर्धा तास टेबलावर होतं. पाचला त्यांनी ते उचलून शकुनबाईंच्या हाती दिलं. शकुनबाईंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि घंटा दिली.

"उघडून पाहिलं नाहीस?"

"गुरुजीच्या हातची गाठ. मी कायले उघडू?"

"वर्गात तरी वही लालच होती?"

"लालच. रोज मीच काढून देत होती. गुरुजी गाठ सोडत, वही उघडत, आन् सुरू. असे सोपे लावलेले शब्द, बाई, पान उलटाले लागत नसे. एकदा उघडली का दहाही शब्द."

"त्या अर्ध्या तासात खोलीत कोण होतं?"

"गुरुजी होते. केवळराम सर वह्या तपासत होते. आन् तुमसरचे शिकवणीवाले भैयाजी येऊन गेले."

३

भैयाजींचा शिकवणीवर्ग तुमसरला, राइस मिलच्या गल्लीत, माडीवर होता. कोंड्याची बारीक धूळ बाकांवरही बसलेली. कोपऱ्यात चक्रमुद्रणाचं यंत्र, आणि त्याच्याशेजारी शाईचा वास येणाऱ्या कागदांच्या चळती.

"चोरी?" भैयाजींनी पहिल्यांदा चहा सांगितला, मग उत्तर दिलं. "देखो बाई, चोरायची गरजच काय? तुमच्या करडीचीच पोरं माझ्याकडे येतात. त्यांच्याच मागच्या सालच्या वह्या. गेल्या जूनपासून छापून राहिलो मी. हे पाहा."

त्यांनी एक चळत पुढे सरकवली. जून महिन्याचा कागद, खाली तारीख. गोदावरीबाईंनी ओळीवरून बोट फिरवलं. वीअरी, हार्वेस्ट, ब्रेव्ह, ऑनेस्ट, क्लाउड. शकुनबाईंच्या वहीतलाच क्रम, एक शब्द मागे नाही की पुढे नाही.

"मग शुक्रवारी कायले आला होता?"

"परवानगी मागाले. म्हटलं, कागदावर वर तुमचं नाव टाकतो, आता पुस्तकही निघून राहिलं. पंधरा वर्षांची ओळख, बाई. दारात उभा राहून नमस्कार केला, तर माणूस माझ्याकडे पाहून म्हणतो, कोण? सरळ तोंडावर. मीही मग बसलो नाही. दोन मिनिटांत खाली उतरलो."

"दारातच होता? टेबलाजवळ गेला नाहीत?"

"अपमान करून घ्यायला टेबलापर्यंत जावं लागत नाही."

परतीच्या एसटीत गोदावरीबाईंनी भैयाजींचं नाव मनातल्या मनात खोडलं. ज्याच्याकडे सात महिन्यांपासून माल छापलेला पडला आहे तो एक लाल पुठ्ठा चोरायला नऊ कोस येत नाही. उरले केवळराम.

रविवारी सकाळी केवळराम घराच्या ओट्यावर दाढी करत होते. गोदावरीबाईंना पाहून त्यांनी अर्ध्या गालाचा साबण तसाच पुसला.

"मला माहीत आहे, तुम्ही माझ्याकडेच येणार. चार महिने मी ती वही उतरवली. प्रस्तावनासुद्धा गुरुजींनी तोंडी सांगितली, लिहिली मी. तिच्यात छापखान्याचे आभार आहेत, वाळवीचा उल्लेख आहे, माझं नाव नाही. विसरले असतील. मी कायले आठवण देऊ?"

"राग आला?"

"आला ना. अजून आहे. पण बाई, मी चोर असतो तर हिरवा हजेरीपट घेतला असता का? खोलीतल्या त्याच उघड्या फळीवर, त्याच मापाचे, लाल पुठ्ठ्याचे दोन पट आहेत. त्या कापडातून वहीचे कोपरे नेहमी उघडे राहतात. शकुनबाईंचं लक्ष गेलं नाही, घंटेची घाई होती, हे आपलं नशीब म्हणा. चोराला ते आधी कसं माहीत असणार? डोळे असलेला माणूस लालच उचलेल."

गोदावरीबाईंनी ते लाल-हिरवं मनात टिपून ठेवलं. केवळरामांचं मन मात्र अजून त्या चार महिन्यांतच होतं.

"आणि नुसती उतरवली नाही मी. जुन्या वहीत शब्दांना काही धरबंदच नव्हता. शेतातला शब्द, मग स्वभावाचा, मग आभाळातला. जसे सुचले तसे. मी सगळे ए पासून झेडपर्यंत लावले. प्रत्येक अक्षराला वेगळं पान. म्हणून तर चार महिने लागले."

"लाल वहीत सगळे शब्द ए पासून झेडपर्यंत आहेत?"

"हो."

"आणि दिवाळीपासून वर्गात लाल वहीच होती."

"जुनी जाळलीच ना, बाई. तुम्हीही होता तिथे."

गोदावरीबाईंनी पिशवीतून शकुनबाईंची वही काढली आणि सोळा जानेवारीचं पान उघडून केवळरामांसमोर धरलं.

केवळरामांनी ते एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि हातातला टॉवेल खाली ठेवला.

४

वीअरी हा शब्द त्या लाल वहीत शेवटच्या पानांत असायला हवा. ब्रेव्ह सुरुवातीला. हार्वेस्ट आणि ऑनेस्ट मधे कुठेतरी. हे दहा शब्द वहीतून वाचून द्यायचे तर पानं दहा वेळा मागेपुढे उलटावी लागली असती. शकुनबाई तर म्हणत होत्या, वही एकदा उघडली की पान उलटावं लागत नसे. आणि क्रम होता जळून गेलेल्या वहीचा, भैयाजींच्या जूनच्या कागदावरचा.

म्हणजे गुरुजी वही वाचत नव्हते. उघडी वही समोर धरून एकोणीस वर्षांचं पाठांतर म्हणत होते.

मग बाकीचं आपोआप ओळीत आलं. फळ्यावर दिवाळीपासून मुली लिहीत होत्या. पंधरा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला गुरुजींनी कोण म्हणून विचारलं होतं. आणि गाठोड्यात भरायला ज्याने हजेरीपट निवडला, त्याने तो माप आणि वजन पाहून निवडला होता, रंग पाहून नव्हे.

दुपारी एक वाजता गोदावरीबाई गुरुजींच्या घरी पोचल्या. गुरुजींच्या बायको सुलोचनाबाई तीन आठवड्यांपासून लाखांदूरला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. घरात गुरुजी एकटेच.

"बसा, बाई," ते म्हणाले. दारातून दिलेल्या हाकेवरून त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी पाण्याच्या गुंडातून पेला भरला. भरताना अंगठा पेल्याच्या आत, काठाखाली धरलेला होता. पाणी अंगठ्याला लागलं तेव्हा ते थांबले.

गोदावरीबाईंनी पाणी घेतलं. समोरच्या भिंतीशी बियाण्याच्या धानाची ढोली उभी होती, बांबूची विणलेली, पुरुषभर उंच. मळणी झाली की बियाणं ढोलीत भरतात, तोंड शेणमातीने लिंपून बंद करतात, आणि मृग लागेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. लक्ष्मीला मधेच उठवत नाहीत, असं बायका म्हणतात. घरात चोर शिरला तरी तो बियाण्याची ढोली फोडणार नाही. करडीत कुणाच्याही घरी गोदावरीबाईंनी जानेवारीत एकच गोष्ट पाहिली असती: वाळून भेगाळलेलं लिंपण.

हे लिंपण अजून ओलसर होतं. आणि बायका लिंपतात तेव्हा बोटांची एकात एक अर्धगोल वळणं उठतात, तशी ती इथे नव्हती. गोवरी थापावी तसा शेणाचा गोळा तळव्याने थापलेला होता.

"जागेश्वरराव," त्या म्हणाल्या, "सुलोचना येऊन गेली का मधे?"

"नाही. अजून पंधरा दिवस तरी नाही."

"मग ढोली कोणी लिंपली?"

गुरुजींनी ढोलीला हात टेकला. मग खाली बसले.

"उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला," ते म्हणाले. "डावा या पावसाळ्यात. उजेड कळतो, माणूस आहे इतकं कळतं. अक्षर नाही कळत. शाळा पायांना माहीत आहे आणि शब्द तोंडाला. म्हटलं, दोन वर्षं राहिली नोकरीची, निघून जातील. एकदा का हे साहेबाला कळलं की मला वर्गातून उचलून कचेरीत बसवतील. मी कचेरीत काय करू, बाई?"

"आणि सव्वीस तारीख?"

"प्रस्तावना वाचा म्हणाले. अख्ख्या गावासमोर. तीही मी पाठ केली असती हो, पण श्यामराव म्हणाले, पहिलं पानही वाचा. ते पान केवळरामनं लावलेलं. त्यावर काय आहे, मलाच माहीत नाही. माझ्याच वहीचं पहिलं पान. शुक्रवारी केवळराम वह्यांत मान घालून होता, तेव्हा फळीवरचा पट कापडात बांधला आणि वही पिशवीतून घरी आणली. सव्वीस गेली की ढोलीतून काढणार होतो. इकडे तिकडे ठेवल्या गेली होती, सापडली, असं सांगणार होतो. कपाटाची किल्ली शकुनजवळ असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"शनिवारी पावणेआठला तरी आलं असेल."

"आलं."

"तेव्हा तुम्ही खोलीतच होता."

गुरुजींनी मान खाली घातली.

गोदावरीबाईंना त्यांचा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण समोरच्या माणसाने आयुष्यभर ज्या शब्दांना जीव लावला त्यांतला एकही त्याला आता दिसत नव्हता. त्या उठल्या.

"मी ढोली फोडणार नाही. समितीला काही सांगणारही नाही, उद्या अकरापर्यंत. अकराच्या पुढे मला सांगावंच लागेल. शकुनच्या घरात ती एकटीच कमावती आहे."

"बाई, मी येतो म्हटलं तर—"

"म्हणू नका. या."

५

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना जागेश्वर गुरुजी बैठकीच्या खोलीत आले. लाल वही छातीशी धरलेली होती, पुठ्ठ्याला धान आणि कोंडा चिकटलेला. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. डोळ्यांचं आधी, वहीचं नंतर, आणि शनिवारी गप्प बसल्याचं सगळ्यात शेवटी. केवळराम उठून त्यांना खुर्ची द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही.

श्यामरावांनी चष्मा काढून पुसला. "आता काय लिवाचं, बाई, कार्यवृत्तात?" त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं.

"शकुनबाईंवरचा आळ खोटा ठरला, हे पहिल्यांदा लिहा. बाकीचं मागून."

ते लिहिलं गेलं. गुरुजींना इंग्रजीच्या तासावर ठेवायचं की नाही, हे साहेबांना कळवून मग ठरवायचं, असंही लिहिलं गेलं. फेब्रुवारीत भंडाऱ्याला नेत्रशिबिर होतं. त्यात त्यांचं नाव घालायचं केवळरामांनी अंगावर घेतलं. सव्वीस तारखेला प्रस्तावना कोणी वाचायची, त्यावर मात्र काही ठरलं नाही.

मग शकुनबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. श्यामरावांनी त्यांची वही परत दिली आणि उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलं. झालं ते झालं, असंही म्हणाले.

गुरुजी आवाजाच्या दिशेने वळले. त्यांनी हात जोडले.

"शकुन, मी चुकलो. मला माफ कर."

शकुनबाईंनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमाले दिसत नाई, हे मले दिवाळीपासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पायरीजवळच्या दगडाईले तुमचा पाय अडखळे, म्हणून मी रोज थे दगड बाजूला करत होती. कोणाले बोलली नाई. शनिवारी मले चोर म्हणले, तवा मी तुमच्याकडे पाहून राहिली होती. थे तुमाले दिसलं नसंन. पण ऐकू तर येत होतं जी."

शकुनबाईंनी वही पदराखाली घेतली आणि त्या निघून गेल्या.

मंगळवार, २४ जानेवारी. सकाळचे साडेदहा. शाळेची पहिली घंटा केवळरामांनी दिली, कारण शकुनबाई आलेल्या नव्हत्या. गोदावरीबाई त्यांच्या घराकडे निघाल्या, पण गल्लीच्या तोंडाशीच थबकल्या. शकुनबाईंच्या अंगणात गुरुजी उभे होते. शेजारच्या जनाबाईंनी सांगितलं, नऊपासून उभे आहेत, हाक मारत नाहीत, बसा म्हटलं तर बसत नाहीत. घराच्या कौलांतून चुलीचा धूर निघत होता. म्हणजे शकुनबाई आत होत्या.

दुसरी घंटा झाली. दार अजून उघडलं नव्हतं.